कंगव्याचं बटण की दोन दांडे

२ सप्टेंबर, मंगळवार

जाताना उशी नेली, आरसा नेला, माझी चांगली कात्रीसुद्धा नेली — आणि हे धूड मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेली! शिलाईचं टेबल आहे ते. माझं मशीन आता खाली भिंतीशी बसलंय, अंगावर चादर घेऊन, आजारी माणसासारखं. आणि टेबलावर हा कॉम्प्युटर. पोटात निळा दिवा. चालू केला की घुं-घुं करतो, जसं काही घर हाच चालवतो.

हाडांचा डॉक्टर म्हणतो, रोज पानभर लिहा. कात्री धरून धरून उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलाय. "बोटं हलती ठेवा आजी, अंगठ्यावर जोर नको." मी तिसरी शिकलेली, तीही पुरती नाही. काय लिहू? तर म्हणाला, मनात येईल ते. पेनाला चिंधी गुंडाळून जाड केलंय आणि बसलेय. मनात हेच आलं.

धूड नातीचं. तिला मी बॉबिन म्हणते, कारण लहानपणापासून मशीनमधल्या रिळासारखी बारीक आणि सारखी गरगर फिरणारी. एप्रिलमध्ये दुसऱ्या गावी नोकरीला गेली. तेव्हापासून बाप आणि ती बोलत नाहीत. फोन येतो तो मला किंवा तिच्या आईला.

आज म्हणाली, "आजी, फोनवर तू नुसती जेवलीस का, जेवलीस का करतेस. त्यापेक्षा खेळात ये. मी रोज साडेसहाला तिथे असते. माझं बेट आहे, घर बांधतेय."

म्हटलं, मला काय येतंय?

"कंट्रोलर आहे, कीबोर्ड-माउस आहे. दोन्ही लावून ठेवलंय. तुला जमेल ते घे."

जमेल ते! एकतीस वर्षं कारखान्यात कॉलरी लावल्या मी. दोन बटणं जमायची नाहीत होय?

४ सप्टेंबर

नाही जमत.

कंट्रोलर घेतला. दिसायला बरा, दोन्ही हातांत मावतो. वर दोन टोपणासारखे दांडे, ते अंगठ्याने फिरवायचे. डाव्याने चालायचं, उजव्याने मान फिरवायची. म्हणजे सगळा कारभार अंगठ्यांचा. बाकीची आठ बोटं मागे लोंबकळत — लग्नात आलेल्या पाहुण्यांसारखी!

खेळात मी एक ठेंगणी बाई आहे. चौकड्यांचा झगा, पिवळी टोपी. झग्याची शिवण खांद्यावर चुकलीय, ते पहिल्यांदा दिसलं. बॉबिनची बाई उंच. ती घरापाशी उभी राहून हात हलवत होती. मी तिच्याकडे निघाले आणि समुद्रात गेले. बाहेर आले. परत समुद्रात.

कानाला लावलेल्या त्या पट्ट्यातून बॉबिन हसतेय. "आजी, घर इकडे आहे!"

मला दिसतंय गं घर. दांड्याला दिसत नाहीये.

५ सप्टेंबर

अंगठा लिंबाएवढा. डॉक्टरला काय सांगू, बेटावर गेले होते?

८ सप्टेंबर

कीबोर्ड.

आधी वाटलं, हा तर शिकलेल्यांचा. वर सगळी इंग्रजी अक्षरं, आणि माझं इंग्रजी म्हणजे कॉलरीवरची एस, एम, एल. बॉबिनला फोनवर सांगितलं. म्हणाली, "अक्षरं वाचायचीच नाहीत आजी. चार बटणं, एक वर, तीन खाली. जागा लक्षात ठेव."

मग शिंप्याच्या डोक्याने गेले. चार चिंध्या कापल्या आणि चिकटवल्या. लाल पुढे, काळी मागे, दोन्ही बाजूंना पिवळ्या. वस्तू उचलायचं बटण पिवळ्या-लालच्या शेजारी, त्याला चिंधी नाही लावली. त्यावरचं अक्षर तीन दात्यांच्या कंगव्यासारखं दिसतं, ते चुकायचं नाही. पडद्यावरसुद्धा मेंढीजवळ गेलं की डोक्यावर कंगवा येतो. म्हणजे उचल. बोटं पाची कामाला, अंगठा आरामात. डॉक्टर खूश होईल.

उजव्या हातात माउस. तो मी इस्त्रीसारखा दाबून ढकलला. ढकलत ढकलत टेबल संपलं. मान गेली वर ती वरच. दहा मिनिटं नुसतं आभाळ बघत उभी.

"आजी, खाली बघ!"

"कशी बघू? टेबल संपलं."

"उचल आणि मागे आणून ठेव!"

अगं मग हे आधी सांगायला काय झालं होतं!

मध्येच कोपर कंट्रोलरला लागलं, आणि मेंढीच्या डोक्यावरचा कंगवा गेला, हिरवा गोळा आला. मी ओरडले, मोडलं! बॉबिन म्हणे, "काही मोडलं नाही. शेवटी ज्याला हात लावशील त्याच्या खुणा दाखवतो तो. बंद करून लावलास तरी शेवटचं लक्षात ठेवतो." कंट्रोलर ड्रॉवरमध्ये कोंबला. वायर बाहेर लोंबतेय, लोंबू दे.

११ सप्टेंबर

आज एक मेंढी कुंपणात घातली. एक. पाऊण तासात. कारखान्यात एवढ्या वेळात किती कॉलरी झाल्या असत्या, ते लिहीत नाही. वहीला लाज वाटेल.

बॉबिनने विचारलं, "आजी, तू चालायला लागताना दोन पावलं मागे का जातेस गं? आणि थांबतानाही?"

म्हटलं, मी कुठे?

"बघ ना वाळूत. तुझ्या पायांचे ठसे."

बघितले. खरंच! प्रत्येक वाटेच्या सुरुवातीला पुढे, मागे, मग पुढे. शेवटी पुन्हा तेच. उलटी टीप घालतेय मी! शिवण सुरू करताना आणि संपवताना दोन टाके मागे घेतात, नाहीतर उसवते. एकतीस वर्षांची सवय बोटांतून वाळूत उतरली. आणि टेबलाखाली उजवा पाय सारखा दाबतेय ते वेगळंच. तिथे मशीनचा पायटा नाही, चप्पल आहे.

बॉबिन म्हणाली, "राहू दे आजी, छान दिसतं. काम करायचीस ते कळतं."

छान कसलं. येडी म्हातारी दिसते.

१३ सप्टेंबर

आज चिरंजीव लवकर जेवायला बसले. (चिरंजीव म्हणजे माझा मुलगा, बॉबिनचा बाप. बावन्न वर्षांचा आहे.) टेबलाकडे बघून म्हणाला, "आई, तुलाही लागलं का ते व्यसन?"

"हो," म्हटलं, "तू एखादी चांगली सवय लावली असतीस तर ही लागली नसती."

सून ताटात बघून हसली. तो नाही हसला.

भांडण काय झालं ते एकदा लिहून टाकते. बॉबिनने विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागली. काम काय, तर खेळ लोकांच्या हातात जायच्या आधी तो खेळून खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. आमच्याकडे चेकर असायची ना, बटण लोंबतंय का, खिसा तिरका आहे का, तेच. चेकरला कुणी 'दिवसभर शर्ट बघत बसते' म्हणत नव्हतं. सगळे टरकायचे तिला.

पण हा म्हणाला, "बटणं दाबायची नोकरी! लोकांना काय सांगू मी?"

आणि ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करता बाबा? दोन दांडेच हलवता ना!"

हा लोखंडाच्या आवारात क्रेन चालवतो. आधी वर्षानुवर्षं खाली उभा राहून वजनं बांधायचा, दोरखंडाने हात सोलून निघायचे. मग वरच्या केबिनमध्ये बसला. दोन दांड्यांनी घराएवढं लोखंड उचलतो आणि असं ठेवतो की खाली धूळ उडत नाही. त्याची तीच एक ऐट आहे.

ती बोलली ते लागलं असतं आणि तो विसरलाही असता. पण त्या वेळी एक जण हसलं. मोठ्याने. खोकला येईपर्यंत.

मी.

तो ताटावरून उठला. मुलीशी त्या दिवसापासून बोलला नाही. मला वाटतं ती बोलली म्हणून नव्हे, मी हसले म्हणून. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. वहीला सांगतेय, कारण वही उलट बोलत नाही.

१६ सप्टेंबर

साडेसहाला बसले, तर मेंढीच्या डोक्यावर हिरवा गोळा. कंट्रोलर तर ड्रॉवरमध्ये. मीच कधीतरी हात लावला असेल. डोकंही झिजलं बहुतेक, सांध्याबरोबर.

१७ सप्टेंबर

पुन्हा हिरवा गोळा! आणि काल मी कंट्रोलर पाहिलासुद्धा नव्हता.

बॉबिन म्हणे, "आजी, तू दगडाची भिंत कधी बांधलीस? किती सरळ झालीय!" मी म्हटलं, येता-जाता बांधली. अशी थाप मारली की मलाच खरी वाटली. भिंत मी बांधलेली नाही. मी एक दगड ठेवायला गेले तर तो माझ्याच पायावर ठेवते.

सून असेल? ती औषधाच्या दुकानातून आठला येते आणि साधा गजर लावायलाही मोबाइल माझ्याकडे देते. नाही.

घरात राहिलं कोण?

नाही, नाही. तो?

१८ सप्टेंबर

सापळा लावला. कंट्रोलरभोवती पांढरा दोरा गुंडाळला, दोन वेढे, वर माझी बारीक गाठ. शिंपिणीची गाठ, नखाने सुटत नाही, तोडावीच लागते. दुपारी जेवून झोपले. मी अडीच ते साडेचार मेल्यासारखी झोपते, ते सगळ्या घराला माहीत आहे. त्याची पहिली पाळी, घरी येतो तो अडीचलाच.

पावणेपाचला ड्रॉवर उघडला. दोरा आहे! दोन वेढे आहेत! गाठही आहे!

म्हटलं, झालं, म्हातारी भ्रमिष्ट.

मग चष्मा लावला. गाठ माझी नव्हती. दुहेरी फास, टोक आत दाबलेलं. अशी गाठ दोऱ्याला कुणी मारतं का? ती दोरखंडाची गाठ. लोखंड बांधायची.

गाढवा, दोरा तोडलास तो तोडलास — परत बांधताना तरी आईचा हात आठवायचास!

१९ सप्टेंबर

आज झोपले नाही. घोरले फक्त. घोरणं चांगलं जमलं, मला माझंच खरं वाटत होतं.

दार थोडं उघडं होतं. हा बनियनवर बसलेला, चष्मा कपाळावर, जीभ दातांत. लहानपणी पतंगाला कण्या बांधताना असाच बसायचा. कंट्रोलर त्याच्या पंजात काड्यापेटीएवढा. आणि काय सांगू! माझी ठेंगणी बाई, जी माझ्याकडे चार पावलं धड चालत नाही, ती त्याच्या हातात तरंगत होती. नदीतून दगड उचलायची, वळायची, भिंतीवर आणायची, आणि शेवटचा वीतभर असा हळू खाली, हळू — की दगड टेकला ते दगडालाही कळू नये.

एक मेंढी वाटेत आली. हा म्हणाला, "सरक गं बाई, वजन वर आहे."

मेंढी सरकली. माझ्यासाठी कधी सरकत नाही.

मी तोंडात पदर कोंबला. या खेपेला हसू बाहेर येऊ दिलं नाही.

२० सप्टेंबर

साडेसहाला बॉबिनला म्हटलं, तुला एक सांगायचंय.

ती म्हणाली, "दुपारचं ना?"

म्हटलं, तुला कसं गं कळलं?

"आजी, माझं कामच आहे ते. चूक कुठे आहे बघणं. दुपारच्या ठशांना उलटी टीप नसते. सरळ जातात, आणि थांबायच्या आधी पावलं जवळ जवळ येतात. वजन टेकवताना बाबा तसंच करतात. लहानपणी मला आवारात न्यायचे तेव्हा बघितलंय मी."

"मग बोल की त्याच्याशी!"

"नको. मला कळलंय असं त्यांना कळलं, तर बंद करतील. मी दगड नदीपाशी काढून ठेवते, ते भिंत बांधतात. चाललंय ना. तू बोलू नकोस हं आजी, शपथ आहे."

म्हणजे मला वाटत होतं, मी नातीला भेटायला बेटावर जातेय. आणि मी तिथे कोण? दोघांच्या मधला पडदा! एक सकाळी दगड काढून ठेवणार, एक दुपारी ते रचणार, आणि संध्याकाळी म्हातारी मध्ये मेंढ्या हाकलत फिरणार, स्वतःला मोठी शहाणी समजून.

२३ सप्टेंबर

बॉबिनचा फोन. रविवारी टेम्पो येणार, कॉम्प्युटर न्यायला. तिला आता मोठी खोली मिळाली, आणि घरून काम करायचं तर आत्ताचा लॅपटॉप पुरत नाही, तिला हेच धूड हवं.

"बाबांना सांगशील?"

"तूच सांग."

"आजी."

"आजी आजी करू नकोस. तुझं तोंड कुठे गेलं? एप्रिलमध्ये तर चांगलं चालत होतं."

फोन ठेवला तिने. मीही. मग वाटलं, माझं तोंड तरी कुठे बंद होतं एप्रिलमध्ये.

२४ सप्टेंबर

शेवटी मीच सांगितलं. जेवताना. रविवारी धूड जाणार.

"बरं झालं," म्हणाला, "तुझं टेबल मोकळं होईल."

आणि ताट अर्धं टाकून उठला. हा माणूस ताप असतानाही ताट पुसून खातो.

२५ सप्टेंबर

दुपारी अडीचपासून पाचपर्यंत बसला. मी उठायची वेळ होऊन गेली, मी पडूनच राहिले. दोनदा कूस बदलली, पाठीला रग लागली. घरावर छप्पर चढवत होता. छप्पर पुरं झालं तरी तो तिथेच. माझ्या बाईला दारात नेऊन उभी केली, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बघत बसला.

साडेसहाला बॉबिनने छप्पर पाहिलं. कानात तिचा श्वास तेवढा ऐकू आला, नाक चोंदल्यासारखा.

मी म्हटलं, सर्दी झाली का? काढा घे.

दुसरं काय म्हणायचं? रडणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला कधीच जमलं नाही. कारखान्यात कुणी रडलं तर आम्ही मशीन जोरात चालवायचो.

२६ सप्टेंबर

सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून, आवाज बारीक करून सगळं सांगितलं. हिरवा गोळा, दोरा, गाठ, छप्पर. तिने भांडं विसळून पालथं घातलं.

"आई, तुम्हाला आत्ता कळलं?"

"म्हणजे?"

"जून महिन्यापासून बसतात ते. तुम्ही शिकायच्या आधीपासून. आधी बॉबिनचं जुनं काही काही उघडून बघायचे. तुम्ही सुरू केलंत तेव्हा घाबरले, की आता सापडणार. म्हणून तर विचारलं तुम्हाला, व्यसन लागलं का."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही हसला असता."

तिने ते रागाने म्हटलं नाही. भांडं ठेवल्यासारखं म्हटलं.

घरातली सगळ्यात हुशार मी, असं मी गेली चाळीस वर्षं समजतेय. मेंढ्यासुद्धा माझ्याआधी ओळखून होत्या.

रात्र पडायच्या आत ठरवलं. अर्धी शिवण मी उसवली, तर टाकाही मीच घालायला हवा. बॉबिनने शपथ घातलीय ती न बोलायची. न लिहायची घातलेली नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

ही वही मी ड्रॉवरमध्ये, कंट्रोलरवर, उघडी ठेवतेय. दोरा बांधलेला नाही.

चिरंजीव, तू हे वाचतोयस. मागची पानं वाच, १३ तारखेचं नीट वाच. एप्रिलमधलं ते हसू माझं होतं. तिचं नव्हतं.

सुनेने दुकानातून सुट्टी घेतलीय, मी आणि ती बाहेर चाललोय, आठपर्यंत येत नाही. घरात हसायला कुणी नाही. साडेसहाला कानाला पट्टा लाव. तुझे दोन दांडेच घे, कीबोर्डला हात लावू नकोस, आणि माझ्यासारखं मागे-पुढे चालायला जाऊ नकोस. तुझं तू चाल. ती दारात उभी असेल. "आजी, आलीस?" असं विचारील.

उत्तर तू द्यायचंस.